न्हाणीचं दार आणि गेमची मशीन

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं. चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती, म्हणून घरीच राहिले. ही वही कोणी वाचायची नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला काही सुरूच करता येत नाही. बोलतानाही तसंच होतं. म्हणून बोलतच नाही फारसं.

लिहायचं आहे ते एका जुन्या गेमच्या मशीनबद्दल. आठवण आली की अजून घशाशी येतं.

पण आधी न्हाणीचं सांगायला पाहिजे. आमची न्हाणी घरामागे आहे. तीन बाजूंना विटांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला माझी जुनी साडी. वारा आला की ती साडी आत येते आणि ओल्या अंगाला चिकटते. पलीकडून बांधावरची वाट जाते. वीस वर्षं अंघोळ करताना माझा एक कान वाटेकडे असतो. कोणी खोकलं की तांब्या खाली ठेवून तशीच बसून राहते, पावलं लांब जाईपर्यंत. मला दार पाहिजे होतं. लोखंडी चौकट, पत्र्याचं दार आणि आतून कडी. शहापूरच्या वेल्डिंगवाल्याने बसवून आठ हजार सांगितले. अंडी विकून, परसातली भेंडी विकून मी ते साठवले. दसऱ्याच्या आधी आठ हजार पुरे झाले, हे मी फक्त माझ्या नणंदेला सांगितलं, आनंदाने.

चारच दिवसांनी तिचा नवरा मुरबाडहून आला. आमच्या घरचा तो एकुलता एक जावई. सासूबाई त्याला पाटावर बसवून जेवायला वाढतात. त्याच्या गालात गुटखा असतो, तो जेवणापुरता बाहेर थुंकतो आणि मग त्याच हाताने भाकरी मोडतो. त्या दिवशी त्याने चादरीत बांधलेलं एक गाठोडं आणलं होतं. आत ती मशीन. काळी, जाड, टीव्हीला जोडायची.

"दादा, तुमच्यासाठी काढली बाजूला," तो माझ्या नवऱ्याला म्हणाला. "नेटवरनं कोनासंगती पन खेळा. नवीन घ्याल तर चाळीस हजार. तुमी घरचे, तुमाला आठ."

आठच कसे, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

माझा नवरा आटगावजवळच्या गोदामात माल उतरवतो. तिथले तरणे लोक आपापल्या घरी बसून एकमेकांशी क्रिकेटचा गेम खेळतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच गप्पा. हा मधे नुसता उभा. मशीन पाहून त्याचा चेहरा असा झाला की मला दयाही आली आणि रागही.

मी आतून मान हलवून नाही म्हटलं. सासूबाईंनी पाहिलं. "जावायाला नाय म्हनू नये गो," त्या हळूच म्हणाल्या. "घरातनं रिकाम्या हातानं जाईल तो?"

मी तांदळाच्या डब्यातून पैसे काढले. नवरा म्हणाला, "दार काय, पुढच्या महिन्यात करू."

जावई गेल्यावर मी मशीन पुसायला घेतली. तिला हात चिकटत होता. फडका एका फेरीत काळा झाला. मागच्या जाळीतून चहाच्या पावडरीसारखं काहीतरी बारीक सांडलं. ती चहाची पावडर नव्हती, हे मला वासावरून कळलं. बंद कपाटात जुन्या रद्दीला येतो तो वास. झुरळांचा. मी हात तीनदा धुतले, शेवटी राखेने.

दोन दिवसांनी दसरा. आम्ही कोयता, विळे, नांगर, नवऱ्याची मोटरसायकल असं सगळं पुजतो. मशीनही पुजली. मी हळदकुंकू लावलं, आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं, अक्षता टाकल्या. चार दाणे जाळीतून आत गेलेले मला दिसले. मग सासूबाईंनी सांगितलं, महागाची वस्तू दारातनं दिसायला नको, येणाऱ्याजाणाऱ्याची नजर लागते. म्हणून टीव्हीसकट ती आतल्या खोलीत भाताच्या कोठीमागे गेली. कोठी पत्र्याची, माझ्याहून उंच, भाताने भरलेली.

घरात मोबाईलला रेंज नाही, म्हणून आमच्याकडे नेटची वायर आधीच आलेली होती. तिचा डबा पुढच्या खोलीत भिंतीला. मशीनला हे नेट हवेतूनच घ्यायचं होतं. पण पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरायचं. फिरायचं, फिरायचं आणि मग इंग्रजीत दोन ओळी यायच्या. नवऱ्याने बंद केली, चालू केली. डब्याची पिन काढून लावली. मशीनला चापटी मारली. शेवटी जावयाला फोन लावला, अंगणात जाऊन, आवाज मोठा करून, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"आमच्याकडं एकदम फास्ट चालायची," जावई म्हणाला. "वयनीनं पूजा केली म्हनं? पानी शिंपडलं? मग झालं. दादा, ती मशीन हाय, म्हैस नाय!"

नवरा हसला. फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं तेव्हा हसू नव्हतं.

मला ते खरंच वाटलं. माझ्याच पैशांची मशीन मीच घालवली. गावात पाण्यावर गेले तरी कोणी ना कोणी विचारायचं, "काय गो, मशीनला नारल नाय फोडलास?" हे मुरबाडहून नणंदेच्या तोंडून आमच्या गावात आलं होतं. मी खाली बघून हंडा भरायचे.

पंधरा दिवसांनी नेटची वायर टाकणारा माणूस महिन्याचे पैसे घ्यायला आला. नवऱ्याने त्याला आत नेलं. तो मशीन बघून म्हणाला, "ही म्हातारी झाली ओ. आपला डबा दोन तऱ्हेचं नेट सोडतो, एक जुन्या तऱ्हेचं, एक नव्या. हिला जुनंच कळतं. मी दोघांना नाव एकच दिलंय, म्हणून ही गोंधळते." त्याने आपल्या मोबाईलवर काहीतरी करून दोन नावं वेगळी केली. मग कोठीवर टकटक केली. "आणि हिला हिच्या मागं कशाला कोंडलीय? पत्रा, वर भाताची भिंत. ह्यातनं नेट पोचंल कसं?"

आम्ही मशीन बाहेर काढली. पडद्यावर आमच्या नेटचं नाव आलं, बाजूच्या सगळ्या रेघा भरल्या. नवऱ्याने टाळी वाजवली. मी दारामागे उभी राहून देवाचं नाव घेतलं. म्हणजे पाण्याने काही झालं नव्हतं!

नवऱ्याने गेम उघडला. पुन्हा चक्र. पुन्हा इंग्रजी ओळी. फरक एवढाच की आता खाली एक लांबलचक आकडा होता. नेटवाला म्हणाला, "माझं नेट हिच्यापर्यंत पोचलं. पुढचं मला माहीत नाही," आणि गाडीला किक मारून गेला.

तेव्हापासून नवऱ्याने नाद सोडला. मी सोडला नाही. तो कामाला गेला की मी मशीन लावायची. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण बघून काढता येतं. तो आकडा मी ह्याच वहीच्या मागच्या पानावर काढला, नंतर त्या दोन ओळीही, एकेक अक्षर, रांगोळीसारखं. दर वेळी तोच आकडा यायचा. एकदा मशीन तापल्यावर मागच्या जाळीतून एक झुरळ आलं, मिशा हलवत, आणि सरळ माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. मी ओरडले नाही. उलटी मात्र झाली. न्हाणीत गेले आणि साडीमागे बसून अंग घासत राहिले, आणि तेवढ्यात वाटेवरून कोणीतरी खोकलं.

दुसऱ्या दिवशी मशीन पोत्यात घालून मी किन्हवलीला गेले. तिथे एक बाई मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवते. माझ्याहून लहान, केस कापलेले, बोलायला फटकळ. बाई होती म्हणून मी आत गेले, नाही तर पायरीवरून परत आले असते. तिने झाकण उघडलं आणि खुर्चीसकट मागे सरकली.

"काकी, ही झुरळांची ग्रामपंचायत हाय! सरपंच पन हाय बघा आत, बसलाय."

मी तोंडाला पदर लावला. मेलेली, जिवंत, त्यांची अंडी, खवले. तिने ब्रशने सगळं कागदावर झाडलं आणि त्यात चार पिवळे दाणे निघाले.

"आन हे काय? लगीन लावलंत हिचं?"

"दसऱ्याला पुजली," मी म्हटलं. "पाणी पण शिंपडलं. त्यानं बिघडली का?"

"नाय ओ. पान्याचा डागसुद्धा नाय आत. कोनी सांगितलं तुमाला?"

तिने मशीन आपल्या दुकानातल्या टीव्हीला आणि नेटला जोडली. तिथेही तोच आकडा आला. मी वहीचं पान पुढे केलं. तिने दोन्ही ताडून बघितले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरोबर उतरवलंत की." मग तिने मशीनच्या आतच साठलेले कंपनीचे निरोप उघडले.

"काकी, कंपनीनं ही मशीन कायमची बाहेर काढलीय. कोनीतरी हिच्यात चोरीचे गेम भरले हुते. आता कुठलं पन नेट लावा, हिला खेळात घेनार नाय. गनपतीच्या आधीचा निरोप हाय." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "आन हा उघडून वाचलेला हाय. न वाचलेल्याच्या बाजूला ठिपका असतो. ह्याला नाय."

गणपतीच्या आधी. आमच्याकडे ती दसऱ्याला आली. म्हणजे त्याने वाचलं होतं. वाचून, चादरीत बांधून, आमच्या पाटावर बसून, माझ्या हातची भाकरी खाऊन, माझ्या दाराचे पैसे खिशात घालून तो गेला. आणि वर माझ्या हळदकुंकवाला हसला. त्या कागदावर वळवळणाऱ्या झुरळांची मला मग किळसच राहिली नाही. ती बिचारी उबेला आलेली.

दुकानातल्या बाईकडून मी सगळं मराठीत एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. नवऱ्याला दाखवलं. त्याने वाचलं, घडी केली आणि परत दिली. "जाऊ दे. जावायाकडं पैसे मागायचे काय? बहिनीला त्रास व्हईल माज्या." असं म्हणून तो जेवायला बसला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. वरणात बोटं बुडवून तो शांतपणे भात कालवत होता. मला तेही बघवेना.

मशीन माळ्यावर गेली. जावई येत राहिला. "काय वयनी, आज कशाची पूजा?" असं चारचौघांत विचारत राहिला. मी चहा द्यायचे.

पुढच्या पावसाळ्यात अधिक महिना आला. ह्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावतात, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे देतात आणि वर काही वाण. जावयाने महिना लागायच्या आधीच फोनवर सुचवलं होतं, "आमच्या शेजाऱ्याला चांदीचं ताट मिळालं." भाताची आवणी उरकल्यावर एका रविवारी दोघं आली. शेजारपाजारच्या चार बायका होत्या. मी अनारसे तळले. जेवणं झाली. सासूबाईंनी दिवा ओवाळला. मी अनारशांचं ताट पुढे ठेवलं, आणि त्याच्या बाजूला एक परात, नव्या टॉवेलाने झाकलेली.

"बापरे, एवढं मोठं!" जावई म्हणाला आणि टॉवेल उचलला.

आत मशीन. पुसलेली, वर हळदकुंकू, वर चिठ्ठी.

आठ दिवस मी एक वाक्य पाठ केलं होतं. त्यातलं अर्धंच बाहेर पडलं. "भावजी, चिठ्ठी वाचा."

त्याने हात लावला नाही. नणंदेने घेतली आणि मोठ्याने वाचली, उत्साहाने, कारण तिला वाटलं शुभेच्छा असतील. गणपतीच्या आधीच्या निरोपापर्यंत आली आणि तिचा आवाज उतरला. मग तिने शेवटपर्यंत वाचलं.

"तुमी मला सांगितलंत वयनीनं पान्यानं घालवली," ती त्याला म्हणाली. "मी गावभर तेच सांगत फिरले."

"तसं नाय, मामी," तो सासूबाईंकडे वळला. "मला काय ठावं..."

"वाचलेलं हाय म्हनं," सासूबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. अनारशांचं ताट मात्र त्यांनी हळूच आपल्याकडे ओढून घेतलं. "वानाला नाय म्हनायचं नसतं, पावनं. मशीन न्या. माज्या सुनंचे आठ हजार आनलेत की अनारसे परत तलू."

माझा नवरा खाली बघत होता. पण उठून त्यानेच मशीन पोत्यात भरून दिली. एवढं त्याने केलं.

गणपतीत जावयाने तीन हजार दिले. दिवाळीला दोन. मग काहीच नाही. संक्रांतीला नणंद एकटी आली आणि शिवणकामाचे पैसे माझ्या हातात कोंबू लागली. मी तिची मूठ बंद केली. "तुझे नकोत. ज्याने नेले त्याच्या हातचे पाहिजेत." एवढं लांब वाक्य मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. होळीला दीड हजार त्याने स्वतः आणून दिले, पण पायरीवरूनच. आणि काल पुन्हा आला. राहिलेले दीड हजार, पाचशेच्या तीन नोटा, त्याने शर्टाच्या खिशातून काढल्या. गुटख्याच्या पुडीला चिकटलेल्या होत्या. एकीवर लाल डाग होता.

मी त्या चिमटीत धरल्या. न्हाणीत नेऊन साबणाच्या पाण्यातून काढल्या आणि साडीच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले. मग आधीच्या साडेसहा हजारांत ठेवून सगळे मोजले. आठ हजार. पुरे फिटले.