रोज अठ्ठावन्न

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लिही, असं जिमखान्याच्या सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मी एकही शर्यत जिंकलेली नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहिल्या तरी त्या बरोबर आहेत की नाही हे घरी कुणाला विचारता येत नाही. तेव्हा मी लिहिणं हे जरा जास्तच होतंय, याची मला कल्पना आहे. माफ करावं. सरांनी दिलेला विषय असा : हौशी सायकलस्वाराने शर्यतीतल्या व्यावसायिक माणसाकडून पैसे देऊन शिकवणी घ्यावी का? मी चार महिने घेतली. तेवढ्यापुरतंच सांगतो.

मी रत्नागिरीत, मांडवीला एका खोलीत राहतो. खोलीत दुसरा एक जण आहे, तो बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. तो येतो तेव्हा मी निघालेलो असतो आणि मी येतो तेव्हा तो झोपलेला असतो. वर्षभरात आमचं बोलणं झालं ते बहुतेक पाण्याच्या बादलीबद्दल. बाबा मुंबईला, आये गावाला, लांज्याच्या आत. बाबांचा फोन रविवारी येतो. "बरा आहेस ना?" "होय." "अभ्यास?" "चाललाय." "बरं." आमच्याकडे मोठ्या माणसाने कसा आहेस विचारलं की बरा आहे म्हणायचं असतं. त्यांच्या डोक्याला आणखी घोर नको, एवढाच त्यातला अर्थ. मी तापातसुद्धा बरा आहे म्हणालोय.

सायकल मला एका निवृत्त बँकवाल्या काकांनी दिली. त्यांचे गुडघे गेले आणि चांगली शर्यतीची सायकल भिंतीला टांगून राहिली होती. तिच्यावर मी पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या निवड चाचणीला गेलो. संघात सहा जण घेतात. मी सातवा आलो, अकरा सेकंदांनी. ते अकरा सेकंद पुढे कित्येक दिवस माझ्याबरोबर जेवायला बसत होते. वर्गात ते कुणाला सांगावं असं कुणी नव्हतं. मला त्या संघात जायचं होतं. सहा जण एका गाडीने जातात, एका ताटात खातात, असं मी मनाशी धरलं होतं.

रविवारी भाट्याच्या पुलाकडे एक सायकलवाल्यांचा कंपू जमतो. डॉक्टर, इंजिनियर, एक दातांचे डॉक्टर, बँकवाले काका रिक्षाने नुसते चहाला. मी त्यांच्या मागे मागे असायचो. मी शिकवणी लावणार म्हटल्यावर त्यांच्यात जुंपली.

"पैसे दिले म्हणून कुणी पाय देतो काय रे?" काका म्हणाले. "आम्ही काय शिकवणी लावून चालवली?"

"म्हणूनच गुडघे गेले," दातांचे डॉक्टर म्हणाले. "दात दुखला की पैसे मोजून माझ्याकडे येता, आणि सायकलला मात्र फुकटचा सल्ला."

"अहो, पण तो शर्यतीतला माणूस. त्याच्या पायांना जे जमतं ते ह्याच्या पायांना सांगणार. हा मरेल."

आयेला फोनवर सांगितलं तर तिला हसूच आलं. "सायकलला शिकवणी? तुझ्या काकानं मागून सीट धरून पळवलीन तुला, तेव्हा पैसे घेतलान काय त्यानं?"

तरी मी लावली. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरून मिळालेलं त्यासाठीच ठेवलं होतं.

शिकवणीचे सर कोल्हापूरकडचे. अजून स्वतः शर्यती मारतात, देशभर फिरत असतात. माझ्यापेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठे, पण मी त्यांना पहिल्यापासून सरच म्हणालो. शिकवणी फोनवरच्या एका ॲपमधून. आठवड्याचा कार्यक्रम यायचा. आणि रोज पहाटे पाच चाळीसला एक प्रश्न : "आज कसं वाटतंय? झोप? पाय? उठल्यावरचे ठोके?" खाली टीप लिहायला जागा.

तो प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी खाटेवर बसून तो दोन-तीनदा वाचला. झोप कशी झाली हे मला कुणी विचारल्याचं आठवत नव्हतं. मानेवर बोटं ठेवून ठोके मोजले. अठ्ठावन्न. झोप चांगली, पाय बरे. थोड्या वेळाने सरांचं उत्तर आलं : "छान."

दुसऱ्या दिवशी मी न मोजताच अठ्ठावन्न लिहिलं. सर छान म्हणालेले, ते कशाला बिघडवा. मग रोज तेच. झोप चांगली. पाय बरे. अठ्ठावन्न.

कार्यक्रमात पहिल्याच आठवड्यात होतं : सपाट रस्त्यावर एक तास, एकसारखा वेग. आता रत्नागिरीत सपाट रस्ता कुठून आणायचा? इथे घराबाहेर पडलं की चढ नाही तर उतार. पण सरांना तसं सांगणं म्हणजे त्यांनी दिलेल्या कामाला नाही म्हणणं. मी वर सड्यावर गेलो. तिथे कातळाच्या माळावरून जाणारा दोनेक किलोमीटरचा सरळ तुकडा आहे. त्याच्यावरच तासभर ये-जा. एका टोकाला आंब्याच्या कलमांची रोपवाटिका, दुसऱ्या टोकाला नुसता कातळ आणि एक तांबडा कुत्रा. दर फेरीला मी वळलो की तो पोटरीच्या मागे लागायचा. एकसारखा वेग तिथेच मोडायचा.

रोपवाटिकेतला माणूस पाणी घालता घालता बघत असायचा. आठवडाभराने त्याला राहवलं नाही. "काय रे बाबा, काय हरवलंय काय तुझं हितं? रोज हिकडून तिकडं शोधतोस तो!"

मी म्हटलं, सराव करतोय.

"कसला?"

"एकसारखं जायचा."

त्याने पाइप दुसऱ्या कलमाकडे वळवला.

पाय बरे म्हटल्यावर सरांनी काम वाढवलं. पुन्हा पाय बरे, पुन्हा वाढवलं. दीड महिन्याने मला कॉलेजचे दोन जिने चढताना कठड्याला धरावं लागे. जेवण जाईना. रविवारी भाट्याच्या पुढच्या चढाला दातांचे डॉक्टर मला मागे टाकून गेले, ते वर थांबून माझी वाट बघत होते. चहाला काका म्हणाले, "पैसे देऊन हळू झालास की रे!" सगळे हसले. मीही हसलो. परत येताना सायकल हातात धरून चालत आलो.

त्या आठवड्यात सरांचा पहिल्यांदा फोन आला. मी उभा राहूनच घेतला.

"लेका, तुझं काळीज हाय का घड्याळ? दीड महिना रोज अठ्ठावन्न?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मोजतोस तरी का?"

"पहिल्या दिवशी मोजले होते, सर."

मला वाटलं आता शिकवणी बंद. पण ते म्हणाले, "हे बघ, मी तिकडं नाही. तू जेवढं सांगशील तेवढंच मला दिसतं. तू बरा म्हणणार, मी ओझं घालणार. असं किती दिवस चालणार? पाय दुखतात का?"

"होय."

"किती दिवस?"

"दुसऱ्या आठवड्यापासून."

"आणि सपाट रस्ता?"

"नाहीय, सर. आमच्याकडे नसतो."

मग मात्र ते मोठ्याने हसले. चार दिवस सायकलला हात लावायचा नाही, असं सांगितलं. नंतरचा कार्यक्रम चढांवरचा आला, आमच्याच चढांवरचा.

त्यानंतर मी रोज खरंच मोजायला लागलो. एकसष्ट, चौसष्ट, एकदा बहात्तरसुद्धा. आणि टिपेच्या जागेत लिहायला लागलो. आधी एक ओळ, मग चार, मग जागा संपेपर्यंत. सर, आज वारा समुद्राकडून होता. सर, खोलीतला माणूस गावी गेला तरी खोली तेवढीच वाटते. सर, आज कुत्रा मागे लागला नाही, नुसता बसून बघत राहिला. उत्तर यायचं ते ठोक्यांबद्दल आणि पायांबद्दल. टिपांना कधी आलं नाही, पण पहाटे पाच चाळीसला विचारणारं कुणी होतं, आणि मी दिवसभर त्याला सांगायला काही ना काही साठवत असे.

चाचणी मुंबईच्या बाहेर एका सरळ रस्त्यावर होती. चाळीस किलोमीटर, एकेकट्याने. माझ्या हातावरच्या घड्याळाप्रमाणे मला गेल्या वर्षीपेक्षा दोन मिनिटं आणि वर काही सेकंद कमी लागले. गेल्या वर्षीच्या सहाव्याला मी सहज मागे टाकलं असतं. वेळा तपासून यादी नंतर कळवू, असं सांगण्यात आलं.

पाणी प्यायला बसलो तर शेजारचा मुलगाही ह्याच सरांचा निघाला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, "सर रोज किती आठवणीने विचारतात, नाही?"

"कोण विचारतं?"

"पहाटे. कसं वाटतंय म्हणून."

"अरे, ते ॲप विचारतं रे! आपोआप जातं सगळ्यांना. तीसेक पोरं असतील त्यांची. मी तर झोपेतच बटण दाबतो." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तू काय लिहीत बसायचास की काय?"

मी नाही म्हणालो.

परतीच्या एसटीत मी ॲप उघडून माझ्याच टिपा वाचल्या. वाऱ्याची, खोलीची, कुत्र्याची. अनोळखी घराच्या दाराशी बसून आपण एवढं बोललो, असं काहीतरी वाटलं. घाटात नेट गेलं ते बरं झालं.

शिकवणी चाचणीपुरतीच होती. पुढच्या सोमवारी पाच चाळीसला फोन गप्प राहिला. मला जाग आली होती. बोटं आपोआप मानेवर गेली. साठ. ते मी कुणाला सांगितलं नाही.

यादी येईना. जिमखान्याच्या सरांना रोज जाऊन विचारायची लाज वाटायची, म्हणून मी एक दिवसाआड जाई. मी सड्यावर जात राहिलो, काम नसताना. माझं उत्तर कुणाला हवं असेल तर ते हे : शिकवणीने फायदा होतो. दोन मिनिटांचा झाला, ते घड्याळात दिसलं. पण दीड महिना तोटाही झाला, आणि तो शिकवणाऱ्यामुळे नाही. ज्याला दुखतंय म्हणता येत नाही त्याने आधी ते शिकावं. ते मला कुणी पैसे घेऊन शिकवलं याचं मला अजूनही थोडं वाईट वाटतं.

तीन आठवड्यांनी, दुपारी, सड्यावर असतानाच फोन वाजला. कोल्हापूरचे सर. मागे स्टेशनातली घोषणा ऐकू येत होती, कुठल्या तरी शर्यतीहून परत येत असावेत. मी सायकल रस्त्याकडेला आडवी केली.

"काय करायलास?"

"काही नाही, सर. सड्यावर आहे."

"तो कुत्रा अजून बसून बघतो का रे?"

तो कुत्रा मी टिपेशिवाय कुठे लिहिला नव्हता, कुणाला सांगितला नव्हता. तो समोरच होता, कातळावर पाय पसरून. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"हाय का नाही?"

"आहे, सर."

"बरं. कसा आहेस?"

मी बरा आहे म्हणणार होतो. "झोप लागत नाही, सर," मी म्हणालो. "यादीमुळे."

"म्हणूनच केला फोन. तुमच्या कॉलेजात पोचायला अजून दोन दिवस लागतील, मला आत्ताच कळलं." घोषणा संपेपर्यंत ते थांबले. "यंदा पोरं लई जोरात होती. निम्मी आमच्यासारख्यांकडंच शिकलेली. तुझी वेळ खरंच चांगली आली, दोन मिनिटं बारा सेकंद कमी. पण आठवा आलास."