तालमीच्या पायरीवर मालुबाई

येळ्ळुरातली निम्मी पोरं मालुबाईच्या हातावर जन्मली. आडवं आलेलं मूलसुद्धा ती बोटांच्या अंदाजानं फिरवून घ्यायची. बाळंतीण सुटली की घरचे लोक सुइणीपुढं दारूचा पेला ठेवायचे, शिणवटा जावा म्हणून. रीतच होती तशी. घरोघरचे पेले घेता घेता त्या विधवा बाईला घरी बाटली लागायला लागली, आणि ज्यांनी पेले भरले त्यांनीच तिला दारुडी म्हणून नावं ठेवली. मी तिच्या शेजारी राहायची. मला त्या लोकांचा अजून राग येतो.

जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली, सुगीच्या तोंडावर, तिची एकुलती लेक नागुबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. उंबऱ्यातच तिला आईच्या तोंडाचा वास आला.

"आई, पिऊन माज्या अंगाला हात लावायचा न्हाय. धामण्याची सुईण बोलवीन, पर तुला आत घेणार न्हाय."

मालुबाईनं त्याच दिवशी बाटली परसात फोडली. दुसऱ्या दिवशी तिचे हात असे थरथरायला लागले की चुलीवरचं भांडं उतरवता येईना. संध्याकाळी बाई पुन्हा गुत्त्यावर. एक घोट पोटात गेला की हात थांबायचे, हीच तर पंचाईत होती. प्यावं तर लेक जवळ येऊ देणार नाही, न प्यावं तर थरथरत्या हातांत लेकीचा जीव.

त्यातच तिच्या कानावर आलं, की वडगावच्या एका तालमीत सोमवारी दुपारी दारू सोडलेली माणसं बसतात आणि भावकू नावाचा म्हातारा पैलवान ती बैठक चालवतो. मालुबाई डोक्यावरून पदर घेऊन निघाली. वाटेत गुत्ता होता. तिनं सरळ रस्ता सोडला आणि शेताच्या बांधावरून वळसा घालून वडगाव गाठलं.

तालमीच्या दारात परशराम नावाचा विणकर उभा होता.

"आक्का, हितं बायकांस्नी येता येत न्हाय. आत मारुती हाय."

"दारू सोडल्याली मानसं हितंच बसत्यात न्हवं?"

"व्हय. कुणासाठी आलासा? मालकांसाठी?"

"न्हाय. माजंच हाय."

आत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई पिते आणि वर सोडायला तालमीत येते, हे त्या गड्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. मालुबाईला दरदरून घाम सुटला होता. तिनं आत डोकावून पाहिलं. हसणारा येळ्ळूरचाच होता.

"रवळू, हसू नगंस. तुजी नाळ म्या कापलीया."

एवढं बोलून ती पायरीवरच बसली. "आत येत न्हाय. हितनंच ऐकीन."

भावकू काठी टेकत दाराशी आला. त्यानं तिच्या हातांकडं बघितलं. मग वळून म्हणाला, "गड्यांनो, तिला आत येता येत न्हाय, तर आपुन भाईर बसू." दोघेतिघे कुरकुरत घरी गेले. बाकीचे लिंबाखाली येऊन बसले.

बैठकीचा नियम एकच होता. ज्याला तल्लफ येईल त्याला एकटं सोडायचं नाही, दुसऱ्यानं जाऊन त्याच्या दारात बसायचं. पण विधवेच्या दारात परका गडी बसला तर गाव काय म्हणेल?

"रवळू," भावकू म्हणाला, "नाळ तुजी कापलीया न्हवं? मग तूच जा. ल्योक म्हणून बस."

त्याच आठवड्यात भर दुपारी नागुबाईला कळा सुरू झाल्या. गाव भातकापणीला रानात गेलेलं. धामण्याची सुईण लांब कुठंतरी अडकलेली. घरात आम्ही तिघीच, आणि अंगणात जळणाच्या ढिगावर सकाळपासून येऊन बसलेला रवळू.

मूल पायाळू आहे हे मालुबाईनं पोटावरून हात फिरवताच ओळखलं. तिचा चेहरा उतरला. ती बाहेर धावली, तिच्यामागं मीही. ती सरळ ढिगापाशी गेली.

"ऊठ रं."

"का?"

"खाली बाटली हाय. एकच घोट. हात थांबत्यात रं, न्हायतर पोर मरंल माजी!"

ती खोटं बोलत नव्हती. रवळूनं उठावं असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

रवळू उठला नाही. मालुबाईनं त्याच्या थोबाडीत मारली, दंडाला धरून ओढलं. तो रडायला लागला, पण ढिगाला चिकटून बसला. "मार मावशी, पायजे तेवडं मार. मी उटणार न्हाय. एका घोटावर कोन थांबलंय आपल्यातलं?"

आतून नागुबाईची किंकाळी आली. मालुबाई तशीच आत पळाली.

लेकीनं आधी तिचे हात पाहिले. "पिऊन आलीस?"

मालुबाई खाली वाकली. आपलं तोंड तिनं लेकीच्या नाकापाशी नेलं. "वास घे."

नागुबाईनं घेतला. एक कळ दात आवळून सोसली आणि मग आईची दोन्ही मनगटं घट्ट धरली. हात थरथरतच होते.

"थरथरू देत," ती म्हणाली. "तूच घे."

मी मालुबाईच्या मागं बसले आणि तिची कोपरं माझ्या गुडघ्यांवर दाबून धरली. पाय आले, धड आलं, डोकं अडलं. मालुबाईनं डोळे मिटले आणि बोटांनीच वाट काढली. मुलगी झाली. थोडा वेळ निपचित होती. मालुबाईनं तिला उलटं धरून पाठीवर थोपटलं, आणि मग पोर अशी रडली की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या.

बाहेरून रवळूनं हाक मारली, "मावशी, आता उटू का?"

मालुबाईनं नात लेकीच्या कुशीत दिली, आपल्या हातांकडं पाहिलं आणि दाराकडं तोंड करून ओरडली, "न्हाय रं! बस अजून."