पडवीतली फ्रान्सची गाडी

आमच्या घरात चार-पाच महिने एक फ्रेंच पाहुणी मुक्कामाला होती, आणि तिच्यापायी माझं शिवणाचं मशीन स्वयंपाकघरात मोरीशेजारी गेलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जी चिडचिड करणार आहे ती कुणाला वावगी वाटायला नको.

गोष्ट एकोणीसशे सत्तरच्या दशकातली. लग्न होऊन मी वज्रेश्वरीहून भिवंडीत आले त्याला दोन वर्षं झाली होती. घर लहान, पण पुढे गल्लीकडे उघडी अशी ऐसपैस पडवी होती. तिच्यावर माझा पहिल्या दिवसापासून डोळा. मी शिवणाचा डिप्लोमा केलेला, गल्लीतल्या सहा बायका शिकायला तयार. माग चालवणाऱ्यांच्या बायका त्या. दिवसभर घराशेजारी कापडाचे तागे निघायचे आणि यांना स्वतःचं पोलकं शिवून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावं लागायचं. दिवाळीनंतर वर्ग सुरू करायचा असं मी मनात पक्कं केलं होतं. मनात केलं, बोलले नाही, तिथेच चुकलं.

आमचे हे नगरपालिकेत कारकून. स्वतःच्या सायकलची चेन बसवताना हात काळे करून घेणारा माणूस, पण मोटारींचं वेड असं, की रस्त्यात गाडी बंद पडलेली दिसली की हे ऑफिस विसरायचे. त्यांना कुणीतरी सांगितलं, शेलार गावात एका सायझिंगच्या मागे, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यामागे, एक परदेशी गाडी बाभळीखाली सडते आहे. मालकाचा कुणी मेव्हणा ती पाँडिचेरीहून घेऊन आला होता. मालक म्हणाला, "उचला आणि माझी जागा मोकळी करा." फुकट ते पौष्टिक! ह्यांनी एका रविवारी ती बैलगाडीला बांधून घरी आणली. पुढे बैल, मागे गाडी, गाडीत हे स्टिअरिंग धरून बसलेले. गल्लीतली म्हातारी माणसं दारात येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही, कारण काय चाललंय तेच त्यांना कळत नव्हतं. गाडी थेट पडवीत शिरली आणि तिथलं माझं मशीन मोरीशेजारी गेलं.

गाडी मुळात कुठल्या रंगाची होती ते सांगता येत नव्हतं. ह्यांनी कौतुकाने दारावर थाप मारली तर बोट आरपार गेलं. मागच्या सीटवर कोंबडीने घर केलेलं, त्यात चार अंडी. पुढचं झाकण उघडलं तर आत काहीच नाही! ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. इंजिन चोरीला गेलं म्हणून हे शेलारला परत जायला निघाले होते. तेवढ्यात शेजारचे जॉबर चाचा आले, त्यांनी मागची डिकी उघडली आणि म्हणाले, "ये देखो, इथे बसलंय. फ्रान्समध्ये असंच करतात वाटतं." त्या गाडीत डिकीच्या जागी इंजिन होतं आणि इंजिनाच्या जागी डिकी. स्टिअरिंगसुद्धा डावीकडे.

जॉबर म्हणजे माग बिघडला की ज्याला हाका मारतात तो. चाचा इथलेच, चार पिढ्या भिवंडीतल्या. कानावर पेन्सिल, खिशात पाना, आणि मागाचा नुसता आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल आहे ते सांगणारे. ते गाडीच्या इतके प्रेमात पडले की ह्यांना आपलं वेड एकट्याचं नाही याचं कोण समाधान! मग कोन गावचा एक एसटीचा मेकॅनिक येऊ लागला. डेपोत रोज बसखाली झोपणारा माणूस सुट्टीच्या दिवशी आमच्या पडवीत येऊन गाडीखाली झोपायचा. चौथा पत्र्याच्या पेट्या बनवणारा भय्या. असे हे चौघे.

शुक्रवारी माग बंद. गावभरचा खडखडाट थांबला की कानाला चुकल्यासारखं व्हायचं, पण आमच्याकडे ते सुख नव्हतं. नमाज झाली की चाचा यायचे, हे अर्धी रजा टाकायचे, मेकॅनिक ड्युटी बदलून घ्यायचा, आणि दुपारभर ठोकाठोक. गंज खरवडायला रेती आणि रॉकेल. चाकांच्या चकचकीत ताटल्यांना माझी चिंच. ती मीच सुचवली, कारण पितळेवर चालते ते यावरही चालेल असं मला वाटलं, आणि चाललं. सीटमध्ये सुताचं वेस्ट भरलं. गाडीची जमीन पार खाल्ली गेली होती, ती भय्याने आपल्या पेट्यांच्या पत्र्याची केली. पत्रा छापील होता. त्यामुळे आमच्या गाडीत पाय ठेवायच्या जागी गुलाबाची फुलं आणि दोन मोर होते. "भाभी, देखो, फ्रान्सवालों को भी ऐसा नहीं मिला होगा," भय्या म्हणाला. खरंच मिळालं नसणार. वरून रंगसुद्धा पेट्यांचाच, हिरवागार.

मी चहा करून करून कंटाळले. गणपतीत एक दिवस माझा तोल गेला. चौघांच्या देखत मी ह्यांना म्हटलं, "अहो, ही गाडी चालणार आहे, की मी जन्मभर मोरीजवळ बसून शिवणार आहे?" ह्यांना राग आला की ते मोठ्या माणसासारखे बोलतात. म्हणाले, "दसऱ्याला ही गाडी वज्रेश्वरीला देवीच्या दर्शनाला जाऊन येईल. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकीन, आणि पडवी तुझी. चाचा साक्षीला." चाचांनी मान डोलावली. मीही डोलावली. मनातल्या मनात मी तिथे सहा पाटही मांडले.

आता चूक कशी झाली ते सांगते. गिअरच्या पेटीत पाणी जाऊन आतलं सगळं धरलं होतं, म्हणून ती उघडली. साफ केली, एक बुश लेथवर करून घेतला. पेटी परत जुळवायची त्या शुक्रवारी मेकॅनिकची नेमकी ड्युटी लागली. चाचा आणि हे दोघेच बसले होते, मी चहा घेऊन गेले. त्यांच्या मांडीवर एक मोठं दातेरी चाक. ते ह्यांना समजावत होते, "असं बघ, कारागीर दोन मागांच्या मध्ये उभा राहतो. म्हणून एक माग उजव्या हाताचा, एक डाव्या. डाव्याचा उजवा करायचा तर हे मोठं चाक त्या बाजूला न्यायचं. ही गाडी लेफ्ट हँडची. चालवायची कुठे? आपल्या राइट हँडच्या मुलकात. मग चाक कुठे बसणार?" ह्यांनी खुशीत येऊन दुसरी बाजू दाखवली. चाक त्या बाजूला अगदी अलगद बसलं. दोघांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरा चहा मागितला.

दसऱ्याच्या नऊ दिवस आधी, शुक्रवारी, इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा खोकलं, मग धूर, मग असा गोड आवाज की मीसुद्धा पदराला हात पुसत बाहेर आले. गाडीचं तोंड गल्लीकडे होतं. गल्ली रिकामी केली, पोरांना ओट्यांवर चढवलं. मेकॅनिकने पहिला गिअर टाकला, आणि गाडी सुसाट मागे गेली. मागे माझ्या स्वयंपाकघराची भिंत. भिंतीला काही झालं नाही, पण आतली फळी कोसळली आणि सासूबाईंनी दिलेला सगळा डब्यांचा संसार जमिनीवर आला. दुसरा गिअर, मागे. तिसरा, मागे. फक्त रिव्हर्स टाकला की गाडी पुढे जायची, तीही रखडत.

"वयनी, जाताना मागं मागं जाऊ, देवीला पाठ दिसंल येवढंच," मेकॅनिक म्हणाला. तेव्हा सगळे हसले. पण पुढचे चार दिवस गिअरचा दांडा काढून, तारा उलट्या लावून, हवे ते करून झालं आणि गाडी काही पुढे जाईना, तेव्हा हसू आटलं. मेकॅनिकचं म्हणणं पडलं की पेटीच खराब असणार आणि दुसरी मिळायला फ्रान्सला जावं लागेल. चाचांच्या हातचं काम तपासून बघावं हे त्याच्या मनात आलंच नाही. चाचांनी लावलेलं चाक चुकलं असेल, हे भिवंडीत कुणाच्याच मनात आलं नसतं.

बुधवारी मी एकीचं पोलकं शिवत होते. घाईत डावी बाही उजव्या खांद्याला लावली. नवशिक्या बायकांची ही नेहमीची चूक, आणि मी शिकवायला निघालेली बाई! बाही मापात अगदी बरोबर बसते, शिवणही सरळ दिसते. घालून हात पुढे नेला की मात्र कापड मागे खेचतं. मी उसवायला कात्री उचलली आणि हात तसाच राहिला. मांडीवरचं ते दातेरी चाक मला डोळ्यांसमोर दिसलं.

आणि मी गप्प बसले. खोटं कशाला बोलू? गप्प बसले. माझी खात्री नव्हती हे एक कारण, आणि बाईमाणसाने गिअरमध्ये तोंड घालू नये हे दुसरं; पण ही दोन्ही कारणं मी नंतर शोधून काढली. खरं कारण पडवी. अजून चार दिवस तोंड मिटून काढले की ती माझी होती, आणि त्यात माझा कसलाच दोष नव्हता. गुरुवारी मी एका शेजारणीला सांगूनही टाकलं, पुढच्या आठवड्यात ये म्हणून.

शुक्रवारी ते जमले, पण ठोकाठोक नाही. चाचा आपले पाने एकेक करून पुसत होते आणि फडक्यात गुंडाळत होते. भय्या गुलाबांवरची धूळ झाडत होता. मी चहा ठेवला तसे चाचा म्हणाले, "बेटी, तुझी जागा आम्ही फार दिवस अडवली. माफ कर. पण आमचे शुक्रवार मजेत गेले."

मी त्या माणसांवर इतके महिने चिडले होते, आणि ती माझीच माणसं झाली होती. मी आत गेले, ते पोलकं आणलं. बाही अजून उसवली नव्हती. चाचांना म्हटलं, "चाचा, हात पुढे करा." त्यांच्या सदऱ्यावरूनच ती बाही मी कशीबशी चढवली. "आता पुढे न्या." कापड मागे खेचलं गेलं. "ही डाव्याची उजवीकडे लावलीय. मापात बसते, पण उलटी ओढते. ते मोठं चाक तुम्ही ह्याच हिशेबानं लावलं होतंत ना?"

मला वाटलं, गेलं! इतक्या मोठ्या कारागिराला मी चौघांत खाली पाहायला लावलं. चाचा माझ्या पोलक्याची बाही घालून तसेच बसून राहिले. मग त्यांनी दुसऱ्या हाताने कपाळावर मारून घेतलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "चाळीस वर्षं माग जुळवले. गाडीचा पण मागच करून ठेवला मी!" मेकॅनिक कधीच गाडीखाली शिरला होता. "वयनीचं बरोबर हाय! खोला, खोला!" असं तो तिथूनच ओरडत होता.

हे माझ्याकडे बघत राहिले. गाडी चालली की पडवी गेली, हे त्यांना माहीत होतं, मलाही. मी चहाचे कप उचलून आत गेले, आणि शेजारणीला काय सांगायचं याचा विचार करत बसले.

रविवारी दसरा. झेंडूचे हार मागांना, पान्यांना, माझ्या मशीनला आणि गाडीला. नारळ फोडायचा तर चाचा म्हणाले, बेटीच्या हातून. पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढे गेली! गल्लीने टाळ्या वाजवल्या. डावीकडून चालवत मेकॅनिक, शेजारी हे, मागे मी, चाचा आणि भय्या, पाय मोरांवर. रस्त्यात दोनदा पाणी घालावं लागलं. माझ्या माहेरची माणसं ती हिरवी पेटी बघून गरम पाण्याच्या कुंडांवरचं स्नान सोडून धावत आली. मी इतकी हसले, की आईने मला बाजूला घेऊन विचारलं, बरं आहे ना सगळं.

संध्याकाळच्या आत परत आलो. मी पडवीचं फाटक उघडायला उतरले, पण ह्यांनी गाडी गल्लीतच भिंतीला लावून बंद करायला सांगितली. मग ते आत गेले आणि मशीनला मोरीकडून ओढायला लागले.

"अहो, हे काय?"

"एक बाजू धर. पडवीत न्यायचंय."

मला रडू फुटलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. "शर्त तुम्ही जिंकलात! आणि ती बाहेर ठेवणार? इथला पाऊस ठाऊक नाही का? दोन वर्षांत परत चाळण होईल तिची! इतके महिने चौघांनी मरमर केली ती काय गंजायला घालायला?"

"गंजू दे बेटी," फाटकातून चाचा म्हणाले. "गंजली की परत जमू."

मागे मेकॅनिक आणि भय्या माना डोलावत होते, आणि तिघांचेही चेहरे इतके खूश होते की मला पुढचं भांडण सुचेना. मी डोळे पुसले आणि मशीनची माझी बाजू उचलली.