आडाचं घर

घर बघायला गेलं की लोक माळवद गळतं का विचारतात, चुलीचा धूर कुठून जातो बघतात. मी सरळ मागच्या अंगणात जायची. आड आहे का, असला तर वैशाखात पोहरा बुडेल इतकं पाणी राहतं का, एवढंच मला बघायचं असायचं. आड नसला की मी उभ्याउभ्याच परत. परंड्यात त्या उन्हाळ्यात मला 'आड बघणारी बाई' म्हणायला लागले होते. म्हणू देत म्हटलं. माझ्या पोरांचे पाय माझे मला ठाऊक.

आमचे हे तहशील कचेरीत कारकून. शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, आणि आमचा जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला तशा फायली मराठीत आल्या. बायकापोरांचा माणूस रात्री पाटी घेऊन बसायचा आणि मला जोडाक्षरं विचारायचा. माझे वडील तुळजापूरला शाळामास्तर, त्यामुळं एवढ्या एका बाबतीत मी घरात वरचढ. परंड्याला बदली झाली तेव्हा थोरला चार वर्षांचा होता, धाकटी पोटात. वेशीजवळ सहा रुपयांत दोन अंधाऱ्या खोल्या मिळाल्या. पाणी वेशीबाहेरच्या बारवेचं. पायऱ्या उतरून खाली जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर बुडवायची. सगळं गाव तिथंच भरायचं, आम्हीही भरलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात थोरल्याला नारू झाला. आता कुणाला नारू माहीत नाही, म्हणून सांगते. आधी घोट्याजवळ फोड येतो, आग आग होते. फोड फुटला की आतून पांढरा दोरा डोकावतो. तो दोरा म्हणजे जिवंत किडा, हातभर लांब. तो काडीला गुंडाळायचा आणि रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सुजून भोपळा. आमच्या पोराचा तुटला. शेजारच्या एका शहाण्यानं 'मी काढतो की एका दमात' म्हणून हिसका दिला, आणि मी मूर्खासारखी बघत राहिले. तीन महिने पोरगं गुडघा पोटाशी घेऊन पडून होतं. उठलं तेव्हा डावी टाच जमिनीला टेकेना. किल्ल्याच्या तटावर चढणारं पोर चवड्यावर उड्या मारत चालायला लागलं. ते बघितलं की मी सगळ्यांवर ओरडायची.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "नारू झालेली माणसं बारवेत पाय बुडवतात, तिथून तो पाण्यात जातो. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. आणि जमलं तर आडाचं घर बघा. आडात कुणी उतरत नाही, पोहऱ्यानं पाणी शेंदतात." त्या दिवसापासून मी ह्यांचं जुनं धोतर फाडून गाळणी केली. गाळल्याशिवाय थेंब घरात येऊ दिला नाही.

घराचं मात्र राहून गेलं. बदली होईल, भाडं झेपणार नाही, असं करत वर्ष गेलं. पुढच्या फाल्गुनात धाकटी रांजणाच्या कडेला धरून उभी राहिली आणि हात सोडून दोन पावलं टाकली. हे टाळ्या वाजवायला लागले. मला मात्र तिचे घोटेच दिसले. ही चालायला लागली, आता हिचेही पाय. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "मला आडाचं घर पाहिजे."

"आडाच्या घराला चौदा रुपये भाडं पडतं."

"पडू द्या."

"चौदा रुपये देऊन करायचं काय? पाणी प्यायचं?"

"व्हय. पाणीच प्यायचं!"

मग आठ रुपये कुठून आणायचे ते मीच बसवलं. गिरणी बंद, जातं सुरू. पहाटे उठून दळायची आणि दळताना मनातल्या मनात सगळ्या घरमालकांचा उद्धार करायची. पोळ्या फक्त रविवारी, एरवी भाकरी. ह्यांचा हॉटेलातला चहा बंद, पान बंद. उन्हाळ्यात मारवाड्याच्या आणि वकिलाच्या घरच्या शेवया करून द्यायला लागले. कारकुनाची बायको लोकांच्या शेवया वळते म्हणून कचेरीत कुजबुज झाली. ह्यांनी येऊन सांगितलं तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं, "त्यांना सांगा, लई बारीक वळते, त्यांनाही करून देईन." पोरांच्या पावशेर दुधाला मात्र मी हात लावला नाही. पोरांच्या तोंडचं काढून पोरांच्याच पायाला घालण्यात काय हशील?

दुपारची भांडी झाली की धाकटीला कडेवर घ्यायची आणि घरं बघत हिंडायची. एका घरी आड होता, पण त्यात कबुतरं नांदत होती. एका घरी मालकिणीनं आडनाव विचारलं, गोत्र विचारलं, नवऱ्याचा पगार विचारला आणि शेवटी म्हणाली, लेकरं असलेल्यांना देत नाही. मग आधी सांगायला काय झालं होतं गं बये! पण माणसं कुठंही गेलं तरी चांगली. उन्हातून आलेली बाई, कडेवर लेकरू, बघितलं की आधी आत ये म्हणायची. घोंगडी टाकायची, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढं करायची. आड नाही म्हणून घर नको म्हटलं तरी पाण्याला नको कसं म्हणणार? धाकटी तांब्या बघितला की दोन्ही हात पुढं करायची. मी पाजायची.

अक्षय तृतीयेला घर मिळालं. एक अडत्या कुर्डुवाडीला राहायला गेला होता, त्याच्या मागच्या दोन खोल्या. दोन्ही नीट, उजेडाच्या, आणि अंगणात दगडी कठड्याचा आड, रहाटाला नवा दोर. पहिला पोहरा मी शेंदला. पाणी गार, स्वच्छ. कठड्याला टेकून मी रडले, लपवून नाही, चांगली हुंदके देऊन. थोरला म्हणाला, "आई, पडशील की आत."

वर्ष सुखात गेलं. धाकटी चालायला लागली, पळायला लागली. अंगणात दिवसभर पाय वाजायचे. मला जरा ताठाही चढला होता, खोटं कशाला बोलू. समोरच्या मावशींना मी येताजाता ऐकवायची की आमच्याकडं आता बारवेचं नाव नाही.

आणि पुढच्या वैशाखात एके दिवशी अंघोळ घालताना धाकटी ओरडली. बघते तर उजव्या घोट्याशी फोड.

मी तो फोड ओळखला. दोन दिवस कुणाला बोलले नाही, उगीच काटा रुतला असेल, गांधील चावली असेल, म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी फोड फुटला आणि पांढरं टोक दिसलं.

गल्लीला आयतंच मिळालं. समोरच्या मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय वो बाई, चौदा रुपयांच्या पाण्याला बी नारू व्हतो का?" मी धाकटीला उचललं आणि दार लावून घेतलं. हे जेवायला बसले आणि शांतपणे म्हणाले, "झालं तुझं समाधान? पुढच्या महिन्यात जुन्या घरी जाऊ. ते अजून रिकामंच आहे." वर्षभर दळण दळलं, शेवया वळल्या, नवऱ्याचा चहा तोडला, आणि पोरगी परत अंथरुणावर.

त्याच आठवड्यात देवी टोचणारा सरकारी माणूस गल्लीत आला. म्हातारा, डोक्यावर लाल टोपी, निजामाच्या काळापासून गावोगाव हिंडलेला. धाकटीचा पाय बघून ओट्यावर बसला. मी त्याच्यावरच उखडले, म्हटलं, "तुमचे डॉक्टर आडाचं घर घ्या म्हणतात, आम्ही घेतलं. हे बघा काय झालं!"

"किती दिवस झाले या घरात?"

"नुकतंच वर्ष झालं."

"मग हा या घरातला न्हाय, माय. हा किडा पाण्यातून पोटात जातो आणि पायातून भाईर यायला त्याला वरसाच्या वर लागतं. गेल्या उन्हाळ्यात पोरीनं कुठलं पाणी पेलं ते बघा."

"गेल्या उन्हाळ्यात? गाळलेलं! माझ्या घरात थेंब नाही येत न गाळता!"

"घरात न्हाय. घराभाईर?"

मी 'बाहेर कुठं जातीय ती' म्हणायला गेले आणि आठवलं. घोंगडी, गुळाचा खडा, तांब्या. तिचे पुढं केलेले दोन हात. प्रत्येक घरी मी विचारत होते, तुमच्याकडं आड आहे का, आणि नाही म्हटलं की त्यांच्याच घरचं बारवेचं पाणी माझ्या हातानं पोरीला पाजत होते. तिचे पाय वाचवायला घर शोधत हिंडले, आणि हिंडताना मीच तिला नारू पाजला.

म्हातारा गेला. मी त्या दिवशी जेवले नाही. संध्याकाळी हे आले तेव्हा सगळं सांगितलं. मला चूक कबूल करायची सवय नाही, आजही नाही, पण घर हातचं जाऊ द्यायचं नसेल तर दुसरा इलाज नव्हता. म्हटलं, "घराचा दोष नाही. माझा आहे. काय बोलायचं ते मला बोला, घर सोडू नका. अजून एक उन्हाळा द्या."

ह्यांनी धाकटीला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "मी असतो तरी पाजलंच असतं. पुढं केलेल्या पाण्याला नको कसं म्हणायचं माणसानं?" आणि जुन्या घराचं नाव परत काढलं नाही. या माणसाला जोडाक्षरं येत नव्हती, पण असं बोलायला यायचं.

ह्या खेपेला मी कुणाला पोरीच्या पायाला हात लावू दिला नाही. काडी माझ्या हातात. रोज सकाळी कोमट पाण्यात पाय, मग बोटभर ओढायचा, गुंडाळायचा, पट्टी. दोरा ताणला की मी श्वास धरायची. धाकटी विचारायची, "किडा संपला?" आणि मी म्हणायची, "दमलाय, उद्या येतो म्हणतोय." बावीस दिवसांनी अख्खा निघाला, न तुटता. ते शेपूट बाहेर आलं तेव्हा मी मोठ्यांदा आरोळी ठोकली, तशा मावशी धावत आल्या. त्यांना काडी दाखवली. म्हटलं, "बघा!" त्यांनी तोंडाला पदर लावला, पण बघितला मात्र नीट.

थोरल्याच्या वेळची चूकही परत केली नाही. त्याला मी गुडघा पोटाशी घेऊन निजू दिला होता. हिला दुखलं तरी रोज पाय सरळ करायला लावला, तेल चोळून टाच जमिनीवर दाबून धरली. ती मला चावायची. चाव म्हटलं, पण टाच टेकव. मग आडापासून दारापर्यंत, दारापासून आडापर्यंत, माझी दोन बोटं धरून. थोरलाही यायचा मागून चवड्यावर. त्याचीही टाच दाबायला लागले, आणि पावसाळा संपेतो त्याची थोडी खाली आली. पूर्ण कधीच नाही आली.

पुढं वर्षभर मी कुठंही गेले तरी फिरकीचा तांब्या बरोबर, गाळलेलं पाणी भरून. लग्नात, बारशात, देवळात. लोक म्हणायचे, कारकुनीणबाईंचं सोवळं लई कडक! हे मला झोंबायचं. मग मी ज्याच्या त्याच्या घरी जाऊन फडकं दाखवायला लागले, असं दुहेरी करा, असं बांधा, गाळलं तर तुमचंच पिते. काहींनी ऐकलं. मावशींनी आधी नाक मुरडलं आणि महिनाभरानं गपचूप नातवासाठी आमच्या आडावर घागर घेऊन आल्या. मी काही बोलले नाही. मला न बोलणं किती जड गेलं ते देवालाच ठाऊक.

मग तो मागून घेतलेला उन्हाळा आला. रोज अंघोळीला धाकटीचे पाय घोट्यापासून मांडीपर्यंत बोटानं चाचपायची. डास चावला तरी उजेडात नेऊन बघायची. हे कचेरीला निघताना जोडा घालायचं निमित्त करून तिच्या पायांकडं वाकून बघायचे, आणि मला वाटायचं त्यांना कळत नाही की मला कळतंय. चैत्र गेला. वैशाख गेला. फोड काही आला नाही.

ज्येष्ठात वकिलाकडच्या शेवया अंगणात बाजेवर वाळत घातल्या होत्या, दोन दिवसांचं काम. मी पाणी शेंदायला वळले तेवढ्यात धाकटी बाजेवर चढली आणि शेवयांवरूनच चालत सुटली. माझं डोकंच फिरलं. केरसुणी उचलून मी तिच्यामागं धावले. तिनं बाजेवरून उडी टाकली, बाज उलटली, आणि ती दारातून बाहेर. गल्लीतून, लिंबाखालून, वेशीकडं. पाठमोऱ्या तिच्या दोन टाचा धुळीत धपधप वाजत होत्या, दोन्ही सारख्या. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, दळून दळून दंड लोखंडाचे, आणि साडेतीन वर्षांची पोर मला सापडेना. मावशी ओट्यावरून ओरडत होत्या, "धरा, धरा तिला!" शेवया मातीत गेल्या होत्या, पदर सुटला होता, आणि मी केरसुणी हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहून ओरडत होते, "पळ! अजून पळ!"