गडग्यापलीकडची कॅसेट

दादाची ट्रंक घरी आली तेव्हा सगळे त्याचे कपडे बघून रडत होते आणि मी तळाशी हात घालून एक कॅसेट शोधत होते. दादा बोटीवर कामाला होता. तिथेच अपघात झाला, तार आली आणि मग काही आठवड्यांनी ही ट्रंक. माणूस आलाच नाही. कॅसेटही त्यात नव्हती.

शेवटच्या रजेवर आला होता तेव्हा त्याने ती मला पडवीत बसून ऐकवली होती. कुठल्याशा परदेशी रॉक बँडची. त्यांच्यातला ड्रम वाजवणारा गेला, आणि उरलेल्यांनी दार लावून घेऊन त्याच्यासाठी तो अख्खा अल्बम केला, असं दादा सांगत होता. शब्दांतलं मला ओ का ठो कळत नव्हतं, पण शेवटचं गाणं डोक्यात बसलं. त्यात ड्रमची जागा आली की सगळे थांबत, तेवढी जागा रिकामी जाऊ देत आणि पुन्हा सुरू करत. आमच्या वाडीतल्या भजनात मृदंग दादाच वाजवायचा. तो बोटीवर गेला की आमचं भजन असंच लंगडत चालायचं.

"जाताना तुला देऊन जातो," असं तो म्हणाला होता.

दिली कुणाला, ते ट्रंक आली त्याच आठवड्यात कळलं. संध्याकाळची मी कपडे काढायला मागे गेले, तर गडग्यापलीकडून तेच गाणं येत होतं. कंबरभर उंचीचा चिऱ्यांचा तो गडगा, आणि पलीकडे माझ्याच वर्गातली मुलगी. रजेवर असताना दादा गडग्यालगतच्या विहिरीवर पाणी शेंदायला का पळायचा, जे काम त्याने जन्मात केलं नव्हतं, त्याचा उलगडा मला तिथे दोरीवरच्या चादरीआड उभं राहून झाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भाऊ माझा, आणि कॅसेट हिच्याकडे! आयत्या बिळावर नागोबा. आमच्याकडे वर्षभर सणवार बंद, गाणंबजावणं बंद. दादानेच आणलेल्या टेपरेकॉर्डरवर आईने पंचा टाकला होता आणि त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पलीकडची मात्र रोज दिवेलागणीला खिडकीत टेप ठेवून खुशाल ऐकत होती. नात्याची ना गोत्याची. तिला त्याच्यासाठी रडायला गाणी होती, आणि मला पंचा.

शेवटी मी आईला म्हटलं, "दुखवट्याच्या घराशेजारी असं वाजवतात? जा नि सांग तिला."

आई उठली, गडग्यापाशी जाऊन तिच्याशी काहीतरी बोलली आणि परत आली. दुसऱ्या दिवशी गाणं आणखी मोठ्याने लागलं.

"बघ, किती निगरगट्ट आहे," मी म्हटलं. मागचं दार सताड उघडून आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली. पुढे रोजच बसायला लागली. मी खोलीत जाऊन डोक्यावर उशी घ्यायची.

वर्षश्राद्ध झालं आणि थोड्याच दिवसांत पलीकडच्या मुलीचं लग्न लांज्याला ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी ती मागच्या दारी आली आणि कॅसेट माझ्या हातात ठेवली.

"ही तुमची. काकींमुळं वर्षभर ऐकली गो. मी तर बंदच करणार होते."

"आईमुळं?"

"त्याच बोलल्या ना. आमच्याकडे लावता येत नाय, तू वाईच मोठ्यानं लाव."

झालं. तोवर मी एकीवर जळत होते, आता दोघींवर जळू लागले. वर्षभर त्या दोघी मिळून माझ्या भावाला रडत होत्या, मध्ये फक्त गडगा, आणि मी उशीखाली. मी त्याच दिवशी टेपवरचा पंचा काढला. पुढे रोज शेवटचं गाणं लावायची आणि कॅसेट पुन्हा कपाटात कुलपात. आता ती माझी होती.

लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा आईने तिला ओटी भरायला बोलावलं. पाट मांडला, तांदूळ, नारळ काढले आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "बयो, ती कॅसेट आण."

"नाही देणार. माझ्या भावाची आहे."

"तुझा भाऊ गेला तेव्हा अख्खी वाडी तुला जवळ घ्यायला आली. हिच्याकडे कोण आलं? आता तर नाव काढायचीपण सोय नाय तिला."

मी कॅसेट आणून दिली, पण आईच्या हातात; तिच्या हातात नाही.

आईने तिला कुंकू लावलं, पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, त्याच्या आड कॅसेट सरकवली आणि वर जरीचा हिरवा खण घातला. ती वाकून पाया पडली, आणि बराच वेळ उठलीच नाही.

मी दारात उभी राहून त्या खणाकडे बघत होते. तो मी आईकडे एकदा मागितला होता. तो सुनेसाठी ठेवलाय म्हणून तिने मला दिला नव्हता.