ढोबळे डॉक्टरांचे शंख-चक्र

ढोबळे डॉक्टर दातांचे, पण पेशंटला आधी तोंड नव्हे, हात पुढे करायला सांगत. पांढुर्ण्याच्या त्यांच्या दवाखान्यात मी अकरा वर्षं मदतनीस होते. शाईचा पॅड धरणं हे माझं पहिलं काम, दात नंतर. अंगठा लावायचा म्हटलं की म्हातारे बिचकत. सावरगावच्या एका आजोबांनी तर आधी विचारून घेतलं, की वावर कोणाच्या नावावर चढून राहिलं.

फिटच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनी हिरड्या वाढून दातांवर चढतात, पण सगळ्यांच्याच नाही. कोणाच्या चढतील हे बोटांवरून आधीच कळेल, असं डॉक्टरांच्या डोक्यात बसलं होतं. "हिरडी अन् बोटाची रेघ, दोन्ही मायच्या पोटातच ठरते," ते म्हणत. रेघ गोल फिरली तर चक्र, त्याच्या हिरड्या चढणार. एका बाजूला वळली तर शंख, तो सुटला. पोळ्यानंतर आमच्याकडे गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा भरते; तिच्या दुसऱ्या दिवशी दात पडलेले लोक यायचे. त्यांचा गोळ्यांशी काडीचा संबंध नसे, तरी डॉक्टर त्यांचेही ठसे घेत.

रामाकोन्याची सुषमा फिटची गोळी सुरू झाली तेव्हा आली. दहाही बोटांवर शंख. डॉक्टर खूश. "तुले काही होत नाही. जाय, संत्री खाय." दर तीन महिन्यांनी दात साफ करून घे, हे सांगायचं राहिलंच.

वर्षभरात तिच्या हिरड्या अर्ध्या दातांवर चढल्या. कॉलेजात मुली हसल्या. तिनं कोणाला न सांगता गोळी सोडली आणि संत्र्याच्या बगीच्यात फिट येऊन पडली. कपाळाला सात टाके. तिच्या काकांनी येऊन आम्हाला हे सांगितलं.

डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं आणि मला मोटारसायकलवर बसवून थेट रामाकोना गाठलं. सुषमाच्या वडिलांनी बसा म्हटलं नाही. डॉक्टर उभ्यानंच बोलले, "पोरीची चूक नाही. म्या बोटं पाहून थाप मारली. माफ करा." भल्याभल्यांना तोंडावर 'तुमचं तोंड वास मारते' सांगणारा हा माणूस खाली मान घालून उभा होता.

वडील म्हणाले, "मंग आता काय, पायाची बोटं पाह्यता?"

मला हसू आवरेना. डॉक्टर हसले नाहीत. "आता तोंड पाह्यतो. तेच पयले पाह्याले पायजे होतं."

त्याच दिवशी ते तिला फिटच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथं औषध बदललं. पुढे वाढलेली हिरडी ढोबळे डॉक्टरांनी तिला दोनदा खुर्चीत बसवून कापली आणि ब्रश कसा धरायचा ते स्वतः शिकवलं.

ठसे घ्यायची खोड मात्र गेली नाही. फक्त ते आता शेवटी घेत आणि पेशंटला त्यातलं अवाक्षर सांगत नसत.

मागच्या वर्षी डॉक्टर गेले. तेरवीला सुषमाचे वडील आले, माझ्या शेजारी बसून जेवले. हात धुताना म्हणाले, "मानूस थापाड्या होता बाई. पण खोटा नोता."