बंदीतल्या कुरडया

१५ एप्रिल. आज कुरडयांचा चीक शिजवला. भिजल्या गव्हाच्या आंबूस वाफेने थेट सासरी, कुंभारी गावातल्या अंगणात नेलं.

तेव्हा मी नवी सून होते. सरपंचपदाला भावकीतला माणूस उभा होता आणि मी जेवताना सरळ सांगून टाकलं, माझं मत त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईला. भावकीने ठरवलं, हिच्याकडे कुरडयांना कुणी जायचं नाही. गहू तर वाटून झालेला. एवढा चीक एकटीने घाटणं शक्य नव्हतं. सगळा वाया जाणार होता.

सकाळी चुलीवर पातेलं चढवलं, तर थोरल्या जाऊबाई सोऱ्या घेऊन दारात.

“आक्का, तुमाला बंदी हाय की.”

“मत तुजं, कुरडया घरच्या. सरक, गाठी हुतील.”

मागोमाग आणखी तिघी आल्या. “सरपंचीणबाई, मीठ टाका की,” म्हणत त्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. हसण्याने कुरडया वाकड्यातिकड्या पडल्या.

तेव्हा धीट मीच वाटले होते. पण मी नुसती बोलले होते. भावकीचा शब्द मोडला त्या चौघींनी.

कुरडयांच्या दुसऱ्याच दिवशी मतदान होतं. सकाळी मी त्या बाईलाच मत दिलं, घरून सोऱ्या उचलला आणि आक्कांकडे गेले. त्यांचा चीक चुलीवर होता.